व्हिलन व्हायचंय? आधी टेबलावरच्यांना विचारा

ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड वर आहेच. ज्यांचं नेट लोकलमध्ये दगा देतं, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. जसंच्या तसं उतरवलेलं नाही. माझे "अं... म्हणजे..." काढून टाकलेत आणि जिथे बोलताना घाई झाली तिथे मुद्दा जरा नीट लिहिलाय.

मागच्या भागानंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "मला इव्हिल कॅरेक्टर खेळायचंय, पण आमचा डीएम नाही म्हणतो. का?" माझं उत्तर: खेळा. जरूर खेळा. पण तुमचा डीएम नाही म्हणतोय त्यालाही कारण आहे, आणि ते कारण बहुतेक माझ्यासारखंच कुणीतरी असणार. कारण मी हे एकदा इतकं वाईट खेळले आहे की एक मित्र गमावला. ते पण आज सांगणार आहे.

०१:१० | आधी ही भानगड काय आहे ते

नवीन मंडळींसाठी पटकन. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो, बाकीचे आपापलं एक पात्र चालवतात. "मी दार उघडते," तुम्ही म्हणता. दार उघडलं का, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बास. स्क्रीन नाही, ग्राफिक्स नाही, फक्त बडबड आणि चिप्सचे चुरे.

प्रत्येक पात्राच्या कागदावर एक रकाना असतो: अलाइनमेंट. म्हणजे हा माणूस मुळात कोणत्या बाजूचा आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला खेळ आला, तेव्हा त्यात चांगलं-वाईट नव्हतंच. फक्त तीन पर्याय होते: कायदा, तटस्थ आणि अनागोंदी. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या फँटसी कादंबऱ्यांमधून आलेली. चांगलं-वाईट ही दुसरी पट्टी नंतर जोडली गेली आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये आपल्याला माहीत असलेला नऊ चौकोनांचा तक्ता पक्का झाला. तोच, ज्याचे मीम तुम्ही हजार वेळा पाहिलेत.

त्या काळात हा रकाना गंमत म्हणून नव्हता. पॅलाडिन व्हायचं तर लॉफुल गुडच असावं लागायचं. असॅसिन व्हायचं तर इव्हिलच. आणि मध्येच बाजू बदलली तर पात्राची एक लेव्हल जायची! २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नऊचे पाच केले, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने परत नऊ आणले, पण दात काढून घेतले. आता 'डिटेक्ट इव्हिल अँड गुड' हा मंत्र टाकला तरी शेजारी बसलेला माणूस दुष्ट आहे का ते कळत नाही. भूत, राक्षस, देवदूत असलं काही जवळपास आहे का, एवढंच कळतं. माणसाचा दुष्टपणा मंत्राने ओळखता येत नाही, असं आता नियमच म्हणतात. मला हे फार आवडतं.

०३:२० | दुष्ट तीन प्रकारचे

सगळ्यांची गल्लत इथे होते. इव्हिल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच येतो: खदाखदा हसणारा, दिसेल त्याला मारणारा. तो फक्त एक चौकोन आहे. डी अँड डीच्या जगातले पाताळवासीच बघा ना.

डेव्हिल्स असतात लॉफुल इव्हिल. ते करार करतात. तुमचा आत्मा हवाय, पण सही करून, कलम वाचून. दिलेला शब्द अक्षरशः पाळतात, आणि त्या 'अक्षरशः'मध्येच तुमचा गळा कापतात. डीमन्स असतात केऑटिक इव्हिल. त्यांना करार नको, सगळं मोडायचंय. आणि मधले युगोलॉथ, न्यूट्रल इव्हिल. भाडोत्री. जो जास्त पैसे देईल त्याचे. गंमत म्हणजे डेव्हिल्स आणि डीमन्स यांचं आपसातच युगानुयुगे युद्ध चालू आहे, ब्लड वॉर नावाचं. म्हणजे दुष्टांची एक टीम नसते. त्यांचं एकमेकांशीच सगळ्यात जास्त वाकडं असतं.

आता विचार करा, टेबलावर यातलं कोण बसू शकेल? पाच जणांनी मिळून तीन-चार महिने एक गोष्ट चालवायची आहे. डीमन पहिल्याच रात्री सगळ्यांचे गळे कापेल. डेव्हिल मात्र बसू शकतो, कारण त्याला इतरांची गरज असते आणि ठरलेलं तो मोडत नाही. दुकानांत, कॅफेंत अनोळखी लोकांसोबत खेळायचा जो अधिकृत कार्यक्रम आहे, ॲडव्हेंचरर्स लीग, त्याच्या सुरुवातीच्या नियमांत इव्हिलला बंदीच होती. अपवाद फक्त लॉफुल इव्हिलचा, तोही दोन ठरावीक गटांच्या सदस्यांसाठी. कुणीतरी आपल्याआधी चटके खाऊन हा नियम लिहिलाय.

मी तो नियम वाचला नव्हता.

०५:०० | माझा पराक्रम

बीटेकचं शेवटचं वर्ष. पुणं, हॉस्टेलची खोली, दोन कॉट जोडून केलेलं टेबल. आम्ही पाच जण. माझं पात्र होतं रोग. इंग्रजीतला रोग, म्हणजे चोर-उचल्या, मराठीतला नव्हे. पण पुढे जे झालं ते बघता मराठीतलाही चालला असता. नाव 'रेवन'. काळा झगा, अनाथ, कुणावर विश्वास नाही. हसा, हसा. अलाइनमेंट: केऑटिक इव्हिल.

आमच्यात एक मुलगा होता, वर्गातला सगळ्यात शांत. तो खेळायला आला माझ्यामुळे. मीच मागे लागून आणला होता. तो क्लेरिक खेळायचा, म्हणजे देवाचा भक्त, जखमा बऱ्या करणारा. त्याच्या पात्राचं गावातलं मंदिर जळालं होतं आणि ते परत बांधायला तो पैसे साठवत होता. चार महिने. आम्ही तलवारी घ्यायचो, तो साधी काठी घेऊन फिरायचा आणि प्रत्येक सेशनच्या शेवटी वहीत आकडा लिहायचा. मंदिराचा नकाशाही काढला होता त्याने, मागच्या पानावर. तीनशे चाळीस सोन्याची नाणी झाली होती.

एका रात्री रेवनने ती चोरली. माझा फासा पडला एकोणीस. सगळे जोरात हसले. तोही हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, त्याचे कशाला?" आणि मी ते वाक्य म्हणाले, जे प्रत्येक टेबलावर कुणीतरी कधी ना कधी म्हणतंच: "माझं कॅरेक्टर असंच वागेल ना!"

पुढच्याच लढाईत त्याचा क्लेरिक पडला. हिट पॉइंट्स शून्य झाले की दर पाळीला एक फासा टाकायचा असतो. दहा किंवा वर आलं तर एक खूण जगण्याकडे, खाली आलं तर एक मरण्याकडे. मरण्याकडच्या तीन झाल्या की संपलं. माझ्या झोळीत औषधाच्या दोन बाटल्या होत्या. डीएमने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "रेवन हात बांधून बघत उभी राहते."

सहा. नऊ. चार.

त्याने कॅरेक्टर शीटची घडी घातली, "उद्या सबमिशन आहे," म्हणाला आणि गेला. नंतर कधी आला नाही. कॉरिडॉरमध्ये भेटला की मान हलवायचा, तेवढंच. दोन आठवड्यांत कँपेनही बंद पडलं. मी बरेच दिवस म्हणत राहिले, की अरे, गेम आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

०७:४० | स्क्रीनवर चालतं, मग टेबलावर का नाही?

हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. व्हिडिओ गेममध्ये मी कमी पापं केली नव्हती. मग तिथे कुणाला त्रास का झाला नाही?

एक तर, स्क्रीनवरही फार लोक दुष्ट खेळत नाहीत. मास इफेक्ट बनवणाऱ्या टीममधल्या एकाने २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांचे साधारण ९२ टक्के खेळाडू चांगल्या बाजूने जायचे. (तो अंतराळातला खेळ आहे, फँटसी नाही, पण स्वभाव माणसाचाच ना.) आता मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला यातलं दुसरं दुखणंही दिसतं. प्रत्येक वाईट निर्णयासाठी वेगळा संवाद लिहायचा, वेगळा आवाज रेकॉर्ड करायचा, वेगळं टेस्टिंग करायचं. आणि तो बघणार कोण? दहातला एक. मग दुष्ट रस्ता बऱ्याच खेळांत अर्धाकच्चा राहतो. दुकानदार मारला की दुकान बंद. गाव जाळलं की त्या गावातली सगळी कामं गेली. २००४ च्या फेबलमध्ये तर दुष्ट वागलं की हिरोला चक्क शिंगं फुटायची, विषय संपला.

ज्यांनी हे नीट केलं, त्यांनी काय केलं ते बघा. बाल्डर्स गेट ३, ऑगस्ट २०२३. पहिल्याच अंकात तुम्ही मिंथाराची बाजू घेऊन निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला करू शकता. करा. पण मग विल आणि कार्लाक तुम्हाला सोडून जातात. सिस्टीम तुमचे पॉइंट कापत नाही, तुमची माणसं कमी होतात. पुढे सप्टेंबर २०२४ च्या सातव्या पॅचमध्ये लॅरियनने दुष्ट शेवटांसाठी नवी दृश्यंसुद्धा घातली. आणि २०१५ चा अंडरटेल! तिथे दिसेल त्याला मारत शेवटपर्यंत गेलात आणि अखेरचा सौदा केलात, की नंतर पुन्हा सुरुवातीपासून गोडीगुलाबीने खेळलात तरी तो सुखाचा शेवट तुम्हाला निर्मळ मिळत नाही. खेळ खूण ठेवतो.

पण एक लक्षात घ्या. कार्लाक निघून गेली तरी ती कोड आहे. जुनी सेव्ह फाइल उघडली की परत येते. माझ्या टेबलावरचा मुलगा कोड नव्हता. त्याची सेव्ह फाइल नव्हती. माझ्या डोक्यात मात्र तो गेममधला एक एनपीसी झाला होता, ज्याच्याकडे तीनशे चाळीस नाणी आहेत.

१०:०५ | निळूभाऊंकडून एक गोष्ट

आपल्याकडे व्हिलन म्हटलं की निळू फुले. तो आवाज, ती नजर, पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या. आणि प्रत्यक्षात? राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहणारा माणूस. वाईट भूमिका केली म्हणून माणूस वाईट होत नाही, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पण त्या दृश्यात आणखी एक जण असायचा, समोरचा नट. त्याला माहीत असायचं की आता हा सरपंच मला लुबाडणार आहे. दोघांच्या हातात तीच संहिता. दोघं मिळून ते दृश्य उभं करायचे. मी जे केलं त्यात संहिता फक्त माझ्या हातात होती. समोरच्याला वाटत होतं की आपण मंदिर बांधायच्या गोष्टीत आहोत. त्याला न विचारता मी गोष्टच बदलली, आणि वर नाव पात्राचं घेतलं.

"माझं कॅरेक्टर असंच वागेल," हे खरंही असेल. पण ते कॅरेक्टर बनवलं कुणी? मीच ना.

११:१५ | दुसरा प्रयत्न

दोन वर्षांपूर्वी ऑफिसबाहेरच्या एका ग्रुपमध्ये पुन्हा खेळायला लागले. तिथल्या डीएमने पहिल्या दिवशी फासे बाहेर काढलेच नाहीत. याला सेशन झीरो म्हणतात. कुठल्या प्रकारची गोष्ट हवी, काय अजिबात नको, काय घडलं तरी चालेल पण तपशील नको, हे सगळं आधी बोलून घ्यायचं. 'अजिबात नको'ला लाइन म्हणतात, 'घडू दे, पण पडदा पाडा'ला व्हेल. शिवाय टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवलं होतं, त्यावर नुसती फुली. एक्स-कार्ड, जॉन स्टॅव्हरोपुलोस या डिझायनरची कल्पना. कुणालाही काही नकोसं झालं तर त्या कार्डाला हात लावायचा. कारण सांगायची सक्ती नाही, तो भाग गोष्टीतून जातो.

मला आधी हे सगळं एचआरच्या ट्रेनिंगसारखं वाटलं. तरी मी हात वर केला आणि म्हणाले, "मला लॉफुल इव्हिल खेळायचंय. पूर्वी मी हे घाण केलंय, म्हणून आधीच सांगते."

पात्र ठरलं ऑर्डेल, कर वसूल करणारी बाई. तिचा एकच देव, कागद. पार्टीशी तिने लेखी करार केला: तुमच्यातल्या कुणाला मी फसवणार नाही, लुटीचा हिस्सा समान. आणि तो ती मोडणार नाही, हे मी खेळाडूंना स्वतः सांगितलं. तिच्या पोटात काय शिजतंय हे पात्रांना माहीत नव्हतं, खेळाडूंना सगळं माहीत होतं.

तिसऱ्या महिन्यात आम्ही दुष्काळी गावात पोचलो. ऑर्डेलकडे धान्याच्या गाड्या होत्या. मी म्हणाले, "ती करार काढते. धान्य घ्या, बदल्यात मुलांची सात वर्षांची मजुरी." पॅलाडिन खेळणाऱ्या मैत्रिणीने कार्डाला हात लावला. "गावाला पिळ, मला खेळायचंय हे. पण मुलं नकोत." डीएम म्हणाला, ठीक. मी म्हणाले, बरं, मग जमीन. सुगीपर्यंत धान्य फेडलं नाही तर जमीन ऑर्डेलची. दहा सेकंदांत विषय मिटला. गोष्ट मऊ झाली का? अजिबात नाही. जमीन लिहून देणारा म्हातारा डीएमने असा काही उभा केला की सगळे गप्प झाले.

आणि मग मजा बघा. पॅलाडिनला तलवार काढता येईना, कारण ऑर्डेलने एकही नियम मोडला नव्हता. मैत्रीण पुढचे दोन सेशन कागद वाचत बसली. शेवटी तिला कलम सापडलं: धान्य गावच्या मापाने मोजून द्यावं. ऑर्डेलने आपल्या मापाने दिलं होतं, आणि तिची पायली लहान होती. करार रद्द! मला तो कागद जाळता आला असता, पळता आलं असतं. पण ऑर्डेल तसं करणार नाही. तिने गावासमोर सगळ्या सह्या परत केल्या, एकेक करून, नावं वाचून. टेबलावर टाळ्या पडल्या. मी हरले होते आणि इतकं छान कधी खेळले नव्हते.

१४:३० | मग नियम काय?

मला जमलेलं सांगते. डीएमला पटवायचं असेल तर हेच घेऊन जा.

एक, पात्राला काहीतरी हवं असू द्या. "मी दुष्ट आहे" हा हेतू नाही. सत्ता, पैसा, सूड, मेलेल्या भावाला परत आणणं, काहीही. हवं असलेलं मिळवायला तो कुठवर जाईल, तिथे दुष्टपणा सुरू होतो.

दोन, पार्टीची गरज असू द्या. तो या चौघांसोबत का फिरतोय, याचं उत्तर तयार हवं. आणि एक रेघ ठरवा जी तो स्वतः ओलांडत नाही.

तीन, विष बाहेर ओता. राजा, व्यापारी, डीएमने उभे केलेले लोक, सगळे तुमचे. शेजारी बसलेल्याची चार महिन्यांची वही नाही.

चार, पार्टीतच दगा करायचा असेल तर ज्याला दगा द्यायचाय त्या खेळाडूला आधी विचारा. सरप्राइज जाईल ही भीती सोडा. आपल्यासोबत काय होणार हे माहीत असलेला माणूस ते दृश्य दुप्पट रंगवतो.

पाच, हरायची तयारी ठेवा. कुणीतरी पकडल्याशिवाय व्हिलन पुरा होत नाही.

१६:०० | आणि मुळात खेळायचं कशाला?

कारण काही गोष्टी आतूनच दिसतात. रेवनकडून मी काही शिकले नाही; ती नुसती मोडतोड होती. ऑर्डेल वेगळी. तिचं आवडतं वाक्य होतं, "मी फक्त नियम पाळते." ते मी इतक्या सहज म्हणायचे की मलाच नवल वाटायचं. मग एके दिवशी ऑफिसात एका इंटर्नने घरच्या अडचणीसाठी चार दिवस मागितले आणि मी टाइप केलं, "पॉलिसीत बसत नाही." पॉलिसी उघडून पाहिलीच नव्हती. वाक्य वाचलं आणि ऑर्डेलचा आवाज ऐकू आला. पुसलं, पॉलिसी काढली. बसत होतं.

खदाखदा हसणारा राक्षस माझ्यात नसेल. कागदाआड लपणारी बाई मात्र आहे, आणि ती मला फाशांमुळे भेटली.

शेवटचं. हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी त्या मित्राला बऱ्याच वर्षांनी फोन केला. माफी मागितली आणि विचारलं, ही गोष्ट सांगू का? तो म्हणाला, "क्लेरिक मेला त्याचं काही नाही गं. मी चार महिने काहीतरी बांधत होतो आणि तुम्ही सगळे हसलात, ते लागलं." मग म्हणाला, "सांग. नाव घेऊ नकोस." मी विचारलं, परत खेळशील? म्हणाला, बघू.

रात्री त्याचा मेसेज आला. "३४० बाकी आहेत. व्याज वेगळं."

चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर तुमच्या टेबलावरच्या दुष्टांचे किस्से पाठवा. आणि कुणाची वही चोरली असेल, तर आधी त्याला फोन करा.